पुलीवरची रेघ

सिग्नल हिरवा झाला, गेर्लिंडेनं पाय दाबला आणि गाडी किंचाळली. कुरकुर नव्हे, घरघर नव्हे, चक्क किंकाळी. वाइनश्टाइगे रस्त्याचा चढ उतरून येणारी माणसं मागे वळून बघतील अशी. शेजारच्या रुळांवरून पिवळी ट्राम वर चालली होती. तिचा ड्रायव्हर गेर्लिंडेच्याच डेपोतला. त्यानं वाकून बघितलं, ओळखलं आणि हसत घंटी वाजवली. एरवी तिनंही हात केला असता, आज मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी थोरली ट्राम, शे-दीडशे माणसं पोटात घेऊन, ती रोज ड्युटीवर याच चढावर अशी चढवते की उभ्या माणसाच्या हातातली कॉफी डुचमळत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी ही दोन माणसांची चंदेरी गाडी भर रस्त्यात तिची लाज काढते. तिनं पाय सैल केला. किंकाळी थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. पलीकडच्या सीटवर पपा होते, डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत येत होते. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, म्हणजे ते तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडा तेवढ्या उरल्यात. जे बघायचं त्याच्यापासून मान वळवावी लागते. "ट्राउगॉटला फोन कर," ते म्हणाले. "शनिवारी येऊन घेऊन जाऊ दे. तुला नाही झेपायची ही."

नाही झेपायची. घरी पोचेपर्यंत ती हे दोन शब्द चघळत राहिली. त्यात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता, हीच तर पपांची रीत. बाहेर पाऊस आहे म्हणावं तशी ते माणसाची किंमत सांगतात. नेकार नदीच्या काठच्या कारखान्यात त्यांची हयात गेली, तीही इंजिनं तपासण्यात. तयार झालेलं इंजिन गॉटहिल्फ माउटेच्या, म्हणजे पपांच्या, कानाखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. निवृत्त झाले तेव्हा साऱ्या आयुष्यातली एकमेव उधळपट्टी म्हणून त्यांनी ही गाडी घेतली. आईनं तेव्हा कपाळावर हात मारला होता. ज्या घरात पावाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात आणि वाकडे खिळे ठोकून सरळ करतात, त्या घरात छत उघडणारी गाडी! पण रविवारी चर्च झाल्यावर आईच आधी जाऊन बसायची, डोक्याला रुमाल बांधून. आई गेली, पपांचे डोळे गेले, आणि किल्ल्या गेर्लिंडेकडे आल्या, त्या ती आता पुन्हा खालच्या मजल्यावर पपांच्या सोबत राहते म्हणून. दिल्या असं कुणी म्हटलं नाही. त्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला होत्या आणि तिनं त्या घेतल्या, एवढंच. धाकटा भाऊ ट्राउगॉट लुडविग्सबुर्गला असतो, त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, गाडी उचलणारी लिफ्ट आहे. गाडीवर त्याचा डोळा होता असंही नाही. त्याला फक्त वाटायचं की गाडी जिथं नीट राहील तिथं असावी, आणि नीट म्हणजे त्याच्याकडे, यात त्याला कधी शंका नव्हती.

गॅरेजमध्ये तिनं बॉनेट उघडलं आणि पपांनी आपली काठी पुढे केली. राखी रंगाच्या लाकडाची ही काठी चालायला लागते हे नंतरचं. मुळात ती कानाला लागते. तिचं एक टोक त्यांनी इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला. "चालू कर. जरा पाय दाब." किंकाळीत तिला काही सुचेना, आणि पपा शांतपणे काठी इकडून तिकडे सरकवत होते. वरच्या बाजूला सुपरचार्जर होता, हवा दाबून इंजिनाच्या घशात कोंबणारा. त्याच्या तोंडाशी छोटी पुली, आणि त्या पुलीवरून फिरणारा काळा, लांब पट्टा. "बंद कर," ते म्हणाले. मग त्यांनी अंगठा पुलीच्या चरांवरून फिरवला. "आतलं सगळं धडधाकट आहे. चर झिजलेत. पट्टा धरतच नाही, घसरतो. पुली बदलायची." अंगठा त्यांनी रुमालाला पुसला. रुमालावर काळी भुकटी उतरली. गेर्लिंडे म्हणाली, "मी बदलते." पपांची मान भिंतीकडे वळली. कडेनं तिला बघत ते म्हणाले, "तू?"

संध्याकाळी ट्राउगॉटचा फोन आला. पपांनीच त्याला कळवलं होतं. "लिंडे, हट्ट करू नकोस. माझ्याकडे हत्यारं आहेत, जागा आहे. ट्रेलर जोडून येतो शनिवारी, घेऊन जातो, पुन्हा तुला डोक्याला ताप नाही." "म्हणजे घेऊनच जातो." "पपाच म्हणाले तसं." ती खिडकीशी उभी होती. खाली दरीत शहराचे दिवे लागत होते. "बरं," ती म्हणाली. "शनिवारी कॉफीला ये. ट्रेलर आण. गाडी किंचाळली तर घेऊन जा, मी ब्र काढणार नाही." "आणि नाही किंचाळली तर?" "तर गोड पाव खा आणि रिकामा ट्रेलर घेऊन घरी जा." तो मोठ्यानं हसला. हसणं वाईट नव्हतं, पण त्यात एवढी खात्री होती की फोन ठेवल्यावर तिला भांडी घासावीशी वाटली, आणि घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर सरकवताना हाताला गार पत्रा लागला आणि तिला एकदम आपली पहिली सायकल आठवली. चाक काढून पंक्चर काढलं होतं, परत बसवलं होतं, नट आवळले होते. पपा कामावरून आले, जेवणाचा डबाही खाली न ठेवता त्यांनी पाना घेतला, तिचे नट सैल केले आणि पुन्हा स्वतः आवळले. मग ते नेहमीचंच झालं. तिनं झोपाळ्याची साखळी अडकवली, पपांनी काढून परत अडकवली. तिनं मुरंब्याच्या बरणीचं झाकण लावलं, पपांनी उघडून परत लावलं. ट्राउगॉटच्या कामावरून ते नुसती नजर फिरवायचे. आईचीही झाकणं सुटली नाहीत. ती हसायची, "मी मेले की शवपेटीचे स्क्रूसुद्धा हा माणूस परत आवळणार." आणि आई गेली त्या दिवशी, चर्चच्या मागच्या खोलीत, सगळे बाहेर गेल्यावर गेर्लिंडेनं पाहिलं, पपा एकेका स्क्रूवरून अंगठा फिरवत होते. तेव्हा तिला त्यांच्याबद्दल इतकं वाटलं, इतकं, की राग धरायला जागाच उरली नाही. पण राग गेला तरी ते सैल केलेले नट गेले नव्हते. ते कुठंतरी पोटात होते, आणि प्रत्येक वेळी ट्राम स्टॉपवर बिनधक्का उभी केली की त्यातला एखादा आवळला जायचा. तिच्या हातून आजवर कुणी पडलं नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही, सांगणारही नाही. या डोंगरांत माणसं चांगल्या कामाला नावं ठेवत नाहीत, आणि तीच शाबासकी असं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं असतं.

"अहो फ्राउ माउटे!" वरच्या खिडकीतून शेजारच्या बाईंचं, फ्राउ फ्लायडररचं, डोकं बाहेर आलं. "जिना झाडायच्या पाळीची पाटी तुमच्या दाराला आहे ना या आठवड्यात? जिन्यात पानं आलीत." "संध्याकाळच्या आत झाडते." "नाही, मी आपली आठवण करून दिली. उद्या रविवार, उद्या खडखडाट नको." "आजच उरकतेय." "काय उरकताय?" "पुली." फ्राउ फ्लायडररनं थोडा वेळ विचार केला, काही अर्थ लागला नाही तेव्हा खिडकी लावून घेतली.

काम सुरू झालं तसं तिच्या मनातलं बाकीचं मागे हटलं. पट्टा ताणून धरणारी दांडी पान्यानं मागे रेटायची, रेटलेली धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं पट्टा उतरवायचा. दांडीचा जोर मनगटात उतरला, मग खांद्यात. ट्रामच्या ब्रेकचा दांडा धरून धरून कमावलेला हात. आज त्याचं चीज झालं असं तिला वाटलं. पट्टा निघाला. पुली फिरू नये म्हणून तिला पकडीत जखडलं, मधला बोल्ट हलेना, पाना लांब नळीत घातला, श्वास रोखला, भार टाकला. बोल्ट कचकन सुटला आणि तिची बोटं लोखंडावर आदळली. नखांवरचा लाल रंग दोन बोटांवर उडाला. तिनं बोटं तोंडात घातली. लोखंडाची, ग्रीसची चव. नखं ती अगदी आखूड ठेवते, पण रंगवते. गडद लाल, दर रविवारी, न चुकता. पहिल्यांदा रंगवली तेव्हा सोळाची होती. ते घर बायबलचं आणि साध्या राखाडी कपड्यांचं, आणि ती तशीच जेवायला येऊन बसली. आईनं डोळे खाली केले. पपांनी चमचा खाली ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हा रंग मी ओळखतो. बोल्ट नीट आवळून झाला, तपासून झाला, की आम्ही त्यावर अशी रेघ मारतो. मग त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. तुझं काय आवळून झालंय?" ट्राउगॉट फिदीफिदी हसला. तिनं न्हाणीघरात जाऊन रंग पुसला. घर सोडलं त्या आठवड्यात नवी बाटली आणली, आणि त्यानंतर नखं कधी कोरी राहिली नाहीत. पण उत्तर तिनं आजवर दिलेलं नव्हतं.

जुनी पुली दांड्यावर घट्ट बसलेली. पुली ओढून काढणाऱ्या पुलरचे पंजे तिनं तिच्या कडेमागे अडकवले आणि मधला स्क्रू हळूहळू फिरवत गेली. घाई नाही. घाईनं पुलीची कड तुटते. पुली बाहेर आली, हातात जड, चरांच्या कडा गुळगुळीत, जिभेनं चाटून चाटून झिजवल्यासारख्या. मागवलेली नवी पुली कापडावर ठेवली होती. तिचे चर इतके तीक्ष्ण की बोट फिरवताना सुरसुरी आली. दांडा पुसला, पुली सरळ रेषेत धरली, बसवली. खोलवर गेली का हे बघायला धातूची पट्टी बाकीच्या पुल्यांवर आडवी टेकवली. प्रकाशाची फट कुठंच नाही. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण शेजारी कुणी नव्हतं, आणि वर फ्राउ फ्लायडरर होत्या. बोल्ट नवा. नेमका जोर झाला की वाजणारा पाना कटकन वाजेपर्यंत तो आवळला. तो कट् आवाज तिच्या दातांत गेला. मग पट्टा. पाकिटात पुलीबरोबर नवा पट्टाही आला होता. तिनं जुना पट्टा उजेडात धरला, उलटा करून वाकवला, बोटांनी चाचपला. कुठं तडा नाही, कुठं धागा निघालेला नाही. चांगला धडधाकट पट्टा. असा पट्टा फेकायचा? नवा तिनं पाकिटासकट फळीवर ठेवला, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून, आणि ठेवताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आई असती तर म्हणाली असती, माझी पोर. दांडी रेटून जुना पट्टा चढवला, प्रत्येक चरात नीट बसलाय का ते बोट फिरवून पाहिलं, आणि चालू करायची ती ट्राउगॉटसमोरच असं ठरवून, कपडे बदलून ती जिना झाडायला गेली. झाडता झाडता ती गुणगुणत होती.

ट्राउगॉट आला तेव्हा अंगणात ट्रेलर मावता मावेना. पपा त्यांच्या खुर्चीसकट गॅरेजच्या दाराशी येऊन बसले, काठी गुडघ्यांत. गोड पावाची विणलेली वेणी स्वयंपाकघरात झाकलेली होती. ती नंतर, असं गेर्लिंडेनंच ठरवलं होतं. "पुली तू बसवलीस?" ट्राउगॉटनं बॉनेटखाली डोकं घातलं. "सरळ दिसतेय." "दिसतेय नाही, आहे." ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, छान, एकसुरात. तिनं बॉनेटच्या कडेनं पाहिलं, ट्राउगॉटचा चेहरा जरा पडलेला. तिनं पाय दाबला.

गाडी किंचाळली.

तीच किंकाळी, अंगणाच्या भिंतींवर आपटून दुप्पट झालेली. वर खिडकी उघडली. गेर्लिंडेनं किल्ली फिरवून बंद केली आणि हात स्टिअरिंगच्या चाकावरच राहिले. पोटातले सगळे नट एकदम सैल झाले असं तिला वाटलं. सायकलीचे, झोपाळ्याचे, बरण्यांचे, साऱ्या वर्षांचे. ट्राउगॉट दाराशी आला. त्याला आनंद झाला नव्हता हे तिला दिसलं, आणि त्यामुळे जास्तच लागलं. "राहू दे, लिंडे," तो म्हणाला. "कुणाच्याही हातून होतं. उतर, मी दोऱ्या आणतो." ती उतरली. ब्र काढणार नाही असं म्हणाली होती, आणि माउटेंच्या घरात शब्द म्हणजे शब्द. तिनं किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. नखाचा रंग उडालेलं बोट तिनं लपवलं नाही.

"थांब," पपा म्हणाले.

ते उठले. काठी टेकत आत आले, पण काठी इंजिनाला लावली नाही. मान फिरवून, तोंड भिंतीकडे करून त्यांनी हात बॉनेटखाली घातला. अंगठा पुलीच्या कडेवरून, चरांवरून गेला. मग पट्ट्यावर आला आणि तिथं थांबला. पट्ट्याची आतली बाजू त्यांनी दोन बोटांत धरून चोळली. "पोरी, हा पट्टा कुठला?"

"जुनाच."

"नवा आला नव्हता?"

"आला होता." तिचा आवाज तिलाच लहान वाटला. "फळीवर आहे. हा चांगला होता, पपा. फेकवेना."

पपांचे खांदे हलायला लागले. आधी तिला कळेना. मग ते हसताहेत हे लक्षात आलं, आवाज न करता, डोळे मिटून. आईच्या जाण्यानंतर ते असे हसलेले तिनं पाहिले नव्हते. "गुळगुळीत झालाय आतून," ते म्हणाले. "झिजलेल्या पुलीवर राहून राहून तोही झिजला, नव्याला कसा धरील? हं. मी असतो ना, मीही जुनाच घातला असता. तुमच्या आईनं, हेडविगनं, मला शिव्या घातल्या असत्या आणि मीही हाच घातला असता." मग ते ट्राउगॉटकडे, म्हणजे त्याच्या उलट बाजूला वळले. "दोऱ्या ठेव खाली. तिचं काम संपलेलं नाही."

"पपा, ठरलं होतं..."

"ठरलं ते पुलीचं. पुली सरळ आहे."

तिनं पाकीट फाडलं. दांडी रेटली. पुन्हा तोच जोर मनगटात, खांद्यात, आता सकाळपेक्षा दुप्पट जड. ट्राउगॉट मदतीला पुढे झाला आणि पपांची काठी त्याच्यासमोर आडवी आली. जुना पट्टा निघाला, नवा चढला, करकर करत चरात बसला. बोट फिरवून तिनं प्रत्येक चर तपासला आणि दांडी सोडली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो तिनं कोपरानं पुसला. आता पपा पाना मागणार हे तिला ठाऊक होतं. त्यांनी मागितलाच. तिनं कटकन वाजणारा पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, तोलला. मधल्या बोल्टकडे हात गेला, अंगठा बोल्टच्या डोक्यावर ठेवला. गेर्लिंडेचा श्वास अडकला. किती साध्या गोष्टीसाठी अडकावा माणसाचा श्वास! सैल करा, ती मनात म्हणाली, करा एकदाचा सैल आणि आवळा, मला सवय आहे. पपांनी अंगठा काढला. पाना त्यांनी डब्यात त्याच्या जागी ठेवला आणि झाकण लावलं.

"पोरी," ते म्हणाले, "ती तुझी नखांची बाटली आहे का गं? लाल? माझा रंग कधीच वाळून गेला."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती धावत घरात गेली, धावतच परत आली. तिनं बाटलीचं झाकण उघडलं. पपांनी तिचं मनगट धरून ठेवलं, आणि ते मनगट सोडायला जरा उशीर केला. छोटासा ब्रश त्यांच्या जाड बोटांत हरवून गेला. तोंड भिंतीकडे, डोळ्यांच्या कडेनं नेम धरून त्यांनी बोल्टच्या डोक्यापासून पुलीच्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. ज्या माणसाच्या रेघा कारखान्यात पट्टीनं आखल्यासारख्या असायच्या, त्याची ही रेघ मधेच वळली, कडेला जाऊन जाड झाली.

"वाकडी झाली, पपा," ट्राउगॉट म्हणाला.

"झाली असेल. हात नाही लावायचा आता तिला कुणी." पपांनी ब्रश बाटलीत खुपसला आणि झाकण स्वतः आवळलं. "वाळली की चालू कर. आणि मग पाव आणा, भूक लागली आहे मला."

रंग वाळेपर्यंत ट्राउगॉटनं दोऱ्या गुंडाळून ट्रेलरमध्ये ठेवल्या, आणि परत येऊन बहिणीच्या खांद्याला आपला खांदा जरा लावून उभा राहिला. गेर्लिंडे गाडीत बसली. तिनं किल्ली फिरवली, पाय दाबला, आणखी दाबला. इंजिनातून आली ती फक्त सुपरचार्जरची बारीक, चढती शीळ, आई रुमाल बांधून बसायची तेव्हाची. वर फ्राउ फ्लायडररची खिडकी उघडी होती, पण तिथून काहीच आवाज आला नाही. गेर्लिंडेनं इंजिन तसंच चालू ठेवलं, उतरली, आणि दोन्ही पुरुषांच्या मधे जाऊन उभी राहिली. पुली गरगर फिरत होती. तिच्यावर ती वाकडी रेघ कुठं दिसत नव्हती. एक लाल, पूर्ण गोल कडं दिसत होतं. छातीत इतकं भरून आलं की तिला ताठ उभं राहावं लागलं. पपांनी भिंतीकडे बघत ते पाहिलं असेल किंवा नसेलही. काठी त्यांनी इंजिनाला लावली नाही. ती त्यांनी दाराला टेकवून ठेवली होती.